एक बटा दहा

मी लाकडात चित्र कोरते आणि कागदावर छापते. एवढं एक वाक्य लोकांना समजावून सांगण्यात माझी अर्धी जिंदगी गेली. उरलेली अर्धी, त्यांना ते समजलं नाही म्हणून भांडण्यात गेली. त्यातून मी जन्माची तापट. माहेरी, कंधारकडच्या आमच्या गावात, मला लहानपणी 'ठिणगी' म्हणायचे. सासरी लातूरला तोंडावर कुणी काही म्हणत नाही, मागं काय म्हणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा ही हकीकत मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी करू नये.

नांदेडला मी चित्रकलेचा डिप्लोमा केला. रंगाच्या ट्यूब महाग होत्या आणि लाकूड माझ्या बापाकडं शेतात पडलेलं होतं, म्हणून मी लाकडाकडं वळले. आता मुलाखतीत लोक विचारतात, 'हे माध्यम का निवडलंत?' आणि त्यांना काहीतरी थोर ऐकायचं असतं. थोर काही नाही. शिवणीची फळी फुकट मिळायची, बस्स. आमचे एक म्हातारे सर होते, नेहमी शाईनं काळी झालेली नखं घेऊन फिरायचे. त्यांनी मला शिकवलं. फळीवर चित्र उलटं काढायचं. जिथं पांढरं पाहिजे तिथलं लाकूड कोरून टाकायचं. उरलेल्या उंच भागावर रुळानं शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचं. घासायला लोक काय काय वापरतात. मी आईची भाताची लाकडी पळी वापरते, अजून तीच आहे.

सरांनी दोन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या. पहिली ही की फळी म्हणजे चित्र नव्हे. फळी म्हणजे अवजार, जसं खुरपं. चित्र म्हणजे कागदावरचा छाप, आणि दहा छाप काढले तर दहाही अस्सल. खाली पेन्सिलीनं आकडा घालायचा, एकूण किती आणि त्यातला हा कितवा. दुसरी गोष्ट अशी की ठरलेले छाप काढून झाले की त्याच दिवशी पटाशी घ्यायची आणि फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फळी उचलून पाठीमागं धरली. म्हटलं, "अहो सर, दोन महिने कोरलीय ही!"

"दहाच काढीन म्हणून शब्द दिलास ना?" सर म्हणाले. "मग अकरावा काढायची सोयच ठेवायची नाही."

तेव्हापासून तीसेक फळ्यांवर मी रेघ मारली असेल. दरवेळी हात जड होतो. पण मारते.

नोकरी लागली चाकूरच्या एका शाळेत. लातूरहून रोज सकाळची एसटी, संध्याकाळी परत, असं एकतीस वर्षं. आमच्या भागात चित्रकलेचा तास म्हणजे काय असतं ते सांगते. गणिताच्या सरांचा जादा तास. आमच्याकडची पोरं दहावीत-बारावीत मार्क घेतात, त्याचा सगळीकडं गाजावाजा आहे, चौकाचौकात पोरांचे फोटो टांगलेले असतात. त्या मार्कांत माझे किती तास गेले ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. गणिताचे सर दारात उभे राहून म्हणायचे, "मॅडम, तुमचं काय, एक झाड काढायचं राहिलं तर काय बिघडतंय?" मी म्हणायचे, "तुमचं एक गणित राहिलं तर काय बिघडतंय?" सगळी हसायची. माझा विनोद नव्हता तो. मला खरंच विचारायचं होतं.

बाकी मग निरोपसमारंभाचे फळे रंगवा, सव्वीस जानेवारीच्या रांगोळ्या काढा, शाळेच्या भिंतीवर हत्ती काढा. हत्तीला हेडमास्तरांनी डोळे मोठे करायला लावले. चारदा प्रदर्शन केलं, दोनदा नांदेडला, दोनदा लातूरला. लोक आले, चहा पिऊन गेले, 'फ्रेम छान आहे' म्हणाले. सरांच्या शब्दाला जागून मी प्रत्येक वेळी फळीवर रेघ मारत राहिले. अकरावा छाप मागायला कोणी येणार होतं म्हणता? पहिलाच कुणी मागत नव्हतं.

असो. या सगळ्यावर मी पाणी सोडलं होतं. खरा राग पुढचा आहे.

माझी एसटी ज्या फाट्यावर थांबायची तिथं रोज सकाळी नऊ बायका उभ्या असायच्या. रोजानं शेतात जाणाऱ्या. हातात डबा, कापडात गुंडाळलेलं खुरपं, डोक्याला रुमाल. टमटमची वाट बघत असायच्या. खुरपणी, सोयाबीनची काढणी, हरभरा, मोसम बदलायचा आणि शेत बदलायचं, बायका त्याच. मी खिडकीतून बघायचे. शेवटी निवृत्त व्हायच्या वर्षी उतरलेच खाली आणि वही काढून उभी राहिले.

"काय काढायलाव बाई?" त्यांच्यातली सगळ्यात मोठी पुढं आली. साठीपुढची, ताडमाड उंच, हनुवटीवर हिरवं गोंदण. बाकीच्या तिला मावशी म्हणायच्या, मीही म्हणायला लागले.

"तुम्हाला," मी म्हटलं.

"आमच्यात काय हाय काढण्यासारखं?"

"उभ्या राहा गपचूप. दिसेल."

दोन वर्षं मी त्या फाट्यावर जात होते, रिटायर झाल्यावरसुद्धा, भाड्याचे पैसे घालून. त्या कधी कंटाळायच्या, कधी चिडवायच्या. "बाई, माझं पोट जरा आत काढा." "हिचे दात काढू नका, आत राहू द्या." एकदा मी मावशीला विचारलं, "घरी फोटो आहे का तुमचा एखादा?" तिनं कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या कागदातली आधार कार्डाची झेरॉक्स काढून दाखवली. तोंडाच्या जागी नुसता डांबराचा गोळा. "एवढाच हाय," ती म्हणाली. "लगनात फोटोवाला आला व्हता, पण मी तवा चुलीपाशी व्हते."

त्या दिवशी मी शब्द दिला. म्हटलं, या चित्राचे मी दहाच छाप काढीन. नऊ तुमचे नऊजणींचे, एक माझा. आणि तुमचे आधी.

"फुकट?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही दोन वर्षं उभ्या राहिलात, ते फुकटच ना?"

"मंग माझं तोंड नीट येऊ द्या बाई. झेरॉक्ससारखं नको."

शिवणीच्या दोन फळ्या सुताराकडून जोडून घेतल्या, चार फूट लांब, दोन फूट उंच. आठ महिने कोरलं. तोंडांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. उन्हानं डोळ्यांभोवती पडलेल्या एकेका सुरकुतीसाठी बारीक पटाशी, श्वास रोखून. मी काही स्वतःची टिमकी वाजवत नाही, पण माझ्या आयुष्यात त्यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. घरात कागद एकच मोठा होता. बाकीचा हैदराबादहून यायचा होता. त्या एका कागदावर पहिला छाप काढला, वाळवला, खाली पेन्सिलीनं लिहिलं, एक बटा दहा, आणि सही केली.

आणि नेमकी तेव्हाच माझी अक्कल गहाण पडली.

लातुरातल्या एका बड्या संस्थेनं नवं सभागृह बांधलं होतं. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचे स्वीय सहायक घरी आले. गुळगुळीत बोलणारा माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. "मॅडम, साहेबांना ग्रामीण थीम पाहिजे. तुमचं नाव सुचवलंय." एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. मी एकदम पाघळले. पहिला छाप कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. नऊजणींचे आधी, हा शब्द मी फाट्यावर दिला होता आणि तो फाट्यावरच सोडून आले. आज लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात.

त्यानंतर बहिणीच्या आजारपणासाठी मी नांदेडला गेले. पाच दिवस राहिले. परत आले तर दारात आमचे हे उभे, हसत. हे म्हणजे माझे यजमान, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं देवमाणूस, आणि देवमाणसासारखेच निरुपयोगी.

"अगं, मोठा घोटाळा होता होता राहिला," हे म्हणाले. "तू त्यांना झेरॉक्स दिली होतीस. तो सहायक परत घेऊन आला. खाली एक बटा दहा लिहिलंय म्हणाला, म्हणजे दहा काढल्यात. साहेबांना ओरिजनल पाहिजे. मी म्हटलं, मॅडमच्या गडबडीत राहिलं असेल. दिलं मी."

"काय दिलं?"

"ओरिजनल. लाकडाचं. दोघांनी धरून पिकअपमध्ये ठेवलं. ओरखडा पडू नये म्हणून तुझी गोधडी गुंडाळली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेहतीस वर्षं हा माणूस माझ्याबरोबर राहतो. माझ्या शाईचे डाग त्याच्या बनियनवर आहेत. मी कागद घासताना तो शेजारी बसून पेपर वाचतो. आणि तोच मला सांगतो, हे झेरॉक्स आणि ते ओरिजनल! मी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. ह्यांना काही कळेना. ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "पण गोधडी गुंडाळली ना गं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सभागृहावर गेले. दाराला कुलूप, आत काम चालू. सहायकाला फोन केला. म्हटलं, ती फळी माझं अवजार आहे, मला त्यावरून अजून नऊ छाप काढायचेत, परत द्या. तो हसला. "मॅडम, उद्‌घाटनाला या. सरप्राइज आहे तुमच्यासाठी." पुन्हा केला तर उचलेना. मी स्वतःची समजूत घातली की चार दिवस भिंतीला टेकून राहिलं तर लाकडाला काय होतंय. कार्यक्रम झाला की उचलून आणू.

उद्‌घाटनाला दुसऱ्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. मग साहेबांनी दोरी ओढली, जांभळा पडदा बाजूला झाला आणि माझ्या नऊजणी बाहेर आल्या. सोनेरी! नखशिखांत सोनेरी! देवळाच्या कळसाला मारतात तसला तेलरंग, जाड ब्रशनं, दोन हात, वरून व्हार्निश. खालून दिवे सोडलेले. माझ्या सगळ्या बारीक रेघा, आठ महिन्यांच्या, त्या रंगानं बुजून सपाट झाल्या होत्या. मावशीच्या डोळ्यांभोवतीचं ऊन गेलं. गोंदण गेलं. भिंतीला ठोकायला आठ स्क्रू मारले होते, सहा कडेनं आणि दोन मधोमध. त्यातला एक एकीच्या डब्यात घुसलेला.

मी उभी राहिले आणि ओरडले, "कुणी रंग दिला हा? कुणी हात लावला माझ्या फळीला?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, टाळ्या पडल्या. निवेदक माईकवर म्हणाला, "मॅडम भारावून गेल्या आहेत." दोन पोरी आल्या, मला हाताला धरून वर नेलं. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. मी म्हणाले, "साहेब, हे चित्र नाही, हे परत काढा." साहेब माईकपासून तोंड बाजूला करून म्हणाले, "आधी फार डल दिसत होतं मॅडम. मीच सांगितलं, सोनेरी करा. खर्च आमचा." आणि फोटोसाठी हसले. त्या फोटोत मी नारळ असा धरलाय की आता मारते की मग.

पुढचे आठ दिवस मी त्यांच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. सहायकानं एक जाडजूड रजिस्टर उघडून दाखवलं. "मॅडम, आता काही करता येत नाही. डेडस्टॉकला चढलंय. हे बघा, खुर्च्या तीनशे, पंखे चोवीस, लाकडी चित्र सोनेरी, एक नग." परत पाहिजे तर अर्ज करा, अर्ज मंडळापुढं जाईल, मंडळाची बैठक कधी ते माहीत नाही. नऊ जित्याजागत्या बायका पंख्यांच्या खालच्या ओळीत मांडून ठेवल्या होत्या या माणसानं. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्यानं चहा मागवला.

शेवटी फाट्यावर जावंच लागलं. किती दिवस तोंड चुकवणार? सकाळी टमटमच्या आधी पोचले आणि सगळं सांगितलं. संस्थेला शिव्या घातल्या, सहायकाला घातल्या, आमच्या ह्यांनासुद्धा सोडलं नाही. बायका ऐकत होत्या. मला वाटलं, आता माझ्या बाजूनं चार शब्द बोलतील.

मावशीनं डबा खाली ठेवला. "ते समदं ऱ्हाऊ द्या. पयला कुणाला द्यायचा ठरला व्हता?"

मी टमटम येतेय का ते बघायला लागले.

"आमाला आधी म्हणला व्हतात ना? मंग तिकडं कामून दिला? त्यो काय फाट्यावर हुबा व्हता का दोन वर्सं?"

एकतीस वर्षं मी लोकांना जाब विचारला. मला कुणी असा विचारला नव्हता. म्हणावं तर काय म्हणावं? कागद एकच होता? खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. मला भिंतीवर माझं नाव पाहिजे होतं, हे खरं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलंच," मावशी म्हणाली. "आता कुठंय ते लाकूड?"

"लातूरला. भिंतीला ठोकलंय. अर्ज केल्याशिवाय देत नाहीत."

"अर्ज गेला चुलीत." तिनं कापडातलं खुरपं काढून बघितलं आणि परत गुंडाळलं. "कायनं ठोकलंय? खिळ्यानं का स्क्रूनं?"

मी म्हटलं, स्क्रूनं.

पुढच्या सोमवारी नऊजणींनी रोज बुडवला आणि एका टेम्पोत बसून लातूरला आल्या. मी सभागृहाच्या फाटकाबाहेर उभी. कुणाला काय सांगायचं, कुठलं पत्र दाखवायचं, सगळं पाठ करून ठेवलं होतं. पहारेकऱ्यानं नऊ लुगडी-साड्या बघितल्या, रुमाल बघितले, आणि मान वर न करता म्हणाला, "सफाईवाल्या का? मागच्या दारानं जा." मला तर त्यानं अडवलं. "मॅडम, तुमचं काय काम?" मी म्हणाले, "मी यांची मुकादम." तेव्हा सोडलं.

आत कोणी नव्हतं. तीनशे खुर्च्यांमधून चालत त्या आपल्या चित्रापुढं जाऊन उभ्या राहिल्या. एकेकीनं वाकून बघितलं. मग एकजण म्हणाली, "ह्यातली मी कोणती?" तिला खरंच कळत नव्हतं. दुसरीनं डब्यावरून आपल्याला ओळखलं. मावशी जवळ गेली, आपल्या सोनेरी तोंडावर बोट फिरवलं. "गुळगुळीत केलंय," एवढंच म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखानं नव्हे, संतापानं.

जुन्या पद्धतीचे, एका खाचेचे स्क्रू होते. मावशीनं खुरप्याचं टोक खाचेत घातलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. आठ स्क्रू निघायला पाव तास लागला. निघालेले स्क्रू तिनं मोजून साहेबांच्या खुर्चीवर ठेवले, कुणी चोर म्हणू नये म्हणून. दहाजणींनी मिळून फळी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर आणली. पहारेकऱ्यानं टेम्पोचं फाळकं लावायला मदत केली.

दुपारी सहायकाचा फोन आला, आवाज चढलेला. पोलिसांत देतो वगैरे. तेवढ्यात मला त्याचं रजिस्टर आठवलं. म्हटलं, "अहो, टचअपला आणलंय. सोनेरी रंग दोन ठिकाणी फुगला होता, साहेबांची शोभा झाली असती. दोन महिन्यांत आणून लावते. तुमच्या डेडस्टॉकला तसा शेरा मारा."

"असं होय!" तो म्हणाला. "मग तसं आधी सांगायचं ना मॅडम."

रंग काढायला पाच आठवडे लागले. आधी हार्डवेअरच्या दुकानातलं द्रावण, मग सुई. एकेका रेघेतून सोनेरी खपली सुईनं उचलायची. हे काम आमच्या ह्यांनी केलं. मी सांगितलं नव्हतं. एके सकाळी उठले तर हे चष्मा लावून, साडीची पिन घेऊन फळीवर वाकलेले. रोज चार-चार तास बसायचे. एकदा मान न उचलता म्हणाले, "ही बारीक रेघ बुजली तर कागदावर काळं येणार, हो ना?" तेहतीस वर्षांनी उजेड पडला! मी म्हटलं, "हो." आणि चहा ठेवला.

काही रेघा गेल्याच होत्या. रविवारी बायका पाळीपाळीनं येऊन माझ्यासमोर बसल्या आणि मी त्यांची तोंडं पुन्हा कोरली. मधल्या काळात मावशीच्या कपाळावर दोन आठ्या वाढल्या होत्या. त्याही घेतल्या.

हैदराबादचा कागद आला. एका रविवारी सगळ्या जमल्या. शाई मी लावली, पण घासायचं काम मी माझ्याकडं ठेवलं नाही. प्रत्येकीनं आपला छाप आपण घासला, आईच्या त्या पळीनं. बायकांचे हात घासायला मी कशाला शिकवू? जिंदगी गेली त्यांची घासण्यात. कागद उचलला की आरडाओरडा, "अगं बया, मी!" "हिचे दात आलेच बघ!" स्क्रूची दोन भोकं कागदावर पांढरी उमटली. एक आभाळात आणि एक डब्यावर, झाकणाच्या मुठीसारखं.

मावशीचा छाप पहिला काढला. ती बराच वेळ बघत राहिली. मग कमरेच्या पिशवीतून ती आधारची झेरॉक्स काढून शेजारी ठेवली, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. "हाव," ती म्हणाली. "ही मी हाय."

संस्थेनं परत पाठवलेला तो आधीचा छाप घरात पडला होता. त्यावरचं 'एक बटा दहा' मी रबरानं खोडलं आणि 'दहा बटा दहा' लिहिलं. सर असते तर ओरडले असते, आधीची फळी वेगळी, नंतरची वेगळी म्हणून. ओरडू देत. एक बटा दहा मावशीच्या कागदावर घातलं.

मग पटाशी घेतली. दहा झाले होते. रेघ मारायची. फळी समोर, नऊ तोंडं माझ्याकडं बघतायत, आणि माझा हात काही हलेना. बायका विचारायला लागल्या, आता काय? मी सांगितलं, शब्द दिल्यावर असं करतात, म्हणजे जास्तीचा काढता येत नाही.

"मंग मारा की."

"होत नाही माझ्याच्यानं."

"सरका." मावशीनं पटाशीकडं बघितलंसुद्धा नाही. आपलं खुरपं घेतलं, फळीवर गुडघा रोवला. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या तोंडावरून जाईल."

"जाऊ द्या. माझं माझ्यापाशी हाय आता. हे त्यांचं हाय." आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, नऊजणींच्या तोंडांवरून, तिनं खुरपं ओढलं. लाकडाचं लांब सालपट निघालं.

दुसऱ्या आठवड्यात मी आणि हे जाऊन फळी सभागृहात त्याच आठ भोकांत स्क्रू पिळून लावून आलो. सोनेरी रंग नाही, शाईनं काळी, आणि मधून ती पांढरी चीर. संध्याकाळच्या आत फोन आला.

"मॅडम, ओरिजनलवर आडवी चीर पडलीय. नेताना-आणताना झालं वाटतं."

"पडली नाही. मारलीय."

"मारली? कुणी?"

"तुमच्या भिंतीवर उजवीकडून तिसरी उभी आहे ना, उंच? तिनं."

पलीकडं खुर्ची सरकली. मग पानं उलटल्याचा आवाज आला, पेनाचं टोपण काढल्याचा आला.

"नाव सांगा त्यांचं," तो म्हणाला. "रजिस्टरला लिहावं लागेल."

मी मावशीचं नाव सांगितलं. तिचं, मग बापाचं, मग गावाचं. त्याला नीट ऐकू आलं नाही म्हणाला, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं.